कपाटातल्या रिंगा

४ जानेवारी

खोलीचं तापमान २४.

निवृत्त होऊन चौदा महिने झाले. मुलीने ही वही आणून दिली. म्हणाली, "बाबा, दिवसभर आईचं डोकं खाण्यापेक्षा यात लिहा." म्हणून लिहितो आहे. चौतीस वर्षं नोंदवही लिहिली, तेव्हा हात बसलेला आहे. नोंदवावं असं काही घडत नाही, एवढीच अडचण.

आमच्या संस्थेच्या रबर विभागात नोंदवहीच्या प्रत्येक पानाखाली दोन सह्या लागत. डावीकडे ज्याने मोजलं त्याची, आणि उजवीकडे 'तपासले' या शब्दापुढे दुसऱ्याची. हा दुसरा त्या दिवशी तिथे हजर हवा, त्याने स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं हवं. नियम माझाच. एका सहकाऱ्याने रजेवरून आल्यावर मागच्या दोन दिवसांच्या पानांवर सह्या ठोकल्या, तेव्हा मी ती पानं सगळ्यांसमोर टराटरा फाडली होती. आठवडाभर तो माझ्याशी बोलला नाही. पण पुढे कोणाची हिंमत झाली नाही.

या वहीला 'तपासले' नाही. मनाला येईल ते लिहावं.

१० जानेवारी

नोकरीसाठी अर्ज करायचा ठरवलं आहे. चांगलं डोकं असं गंजत ठेवण्यात अर्थ नाही.

प्रशस्तिपत्रांचा गठ्ठा काढला. त्याला लावलेलं रबरबँड हात लावताच तुटलं आणि त्याचे तुकडे कागदांना चिकटून बसले. हल्ली काय कचरा विकतात! ही म्हणाली, "आयुष्यभर रबराचं शास्त्र केलंत आणि घरात हे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." तिने डब्यातून दुसरं काढून दिलं. ते चांगलं निघालं.

बायोडेटा सात पानी झाला. मुलीने तो दीड पानावर आणला. तीस वर्षांचे शोधनिबंध तिने 'इत्यादी' या एका शब्दात बसवले.

१४ जानेवारी

निवृत्त तज्ज्ञांना काम मिळवून देणारं एक संकेतस्थळ आहे, तिथे नाव घातलं. फॉर्ममध्ये प्रश्न होता, 'आपण कोणती अडचण सोडवू शकता?' मी लिहिलं, 'वार्धक्य.' मुलगी हसून हसून बेजार झाली. "बाबा, रबराचं वार्धक्य असं लिहा. नाहीतर सुरकुत्यांचं मलम विकणारे फोन करतील."

२ फेब्रुवारी

तीन फोन आले. एक शिकवणीवाला: नववी-दहावीला गणित घ्याल का? दुसरा गाद्यांचा कारखानदार: पांढरा कोट घालून गादीवर बसायचं आणि कॅमेऱ्याकडे बघून 'शास्त्रज्ञांनी प्रमाणित' म्हणायचं. मी विचारलं, प्रमाणित कोणी केलं? तो म्हणाला, "तुम्ही बसलात की झालंच ना, सर!" तिसऱ्याला फक्त नाव आणि फोटो हवा होता.

ही म्हणाली, "गादीचं तरी घ्या. नाहीतरी दुपारी लोळताच की."

मी जेवलो नाही. म्हणजे उशिरा जेवलो.

१९ फेब्रुवारी

आज खरा फोन आला!

पाण्याच्या पाइपांसाठी रबरी रिंगा बनवणारा कारखाना. दोन पाइप जोडतात तिथे ही रिंग बसते, म्हणून पाणी गळत नाही. मॅनेजर म्हणाले, "सर, सात दिवसांची चाचणी तुम्हीच बसवलीत ना? आम्ही रोज करतो." ऐकून बरं वाटलं. बावीस वर्षांपूर्वीचं माझं काम आहे ते. रिंग सत्तर अंशांच्या ओव्हनमध्ये सात दिवस ठेवायची. बाहेर काढल्यावर ती ठणठणीत असेल तर खुशाल समजा, वीस वर्षं टिकेल. त्याआधी रबराचं आयुष्य कोणी धड सांगूच शकत नव्हतं. कोण बसणार वीस वर्षं वाट बघत?

यांची अडचण अशी, की रिंगा आठव्या-नवव्या वर्षीच फुटताहेत. चार-पाच गावांत सांधे गळायला लागले. चाचणीत मात्र सगळ्या पास.

कुठेतरी मालात खोट असणार. दोन महिन्यांचं काम. कारण सापडलं तर पुढे कायम सल्लागार, दुसऱ्या मजल्यावर स्वतंत्र खोली. दारावर नावाची पाटी लावणार म्हणाले. मी नको-नको म्हटलं, पण फार जोर लावून नाही म्हटलं.

५ मार्च

तापमान लिहायचं राहूनच जातं आहे.

कारखान्यातली प्रयोगशाळा लहान पण नीटनेटकी आहे. ओव्हन माझ्याच नमुन्याचा. जुन्या मिश्रणाच्या रिंगा केल्या, नव्या केल्या, सगळ्या आत ठेवल्या. मिश्रण विभागाच्या फोरमनला म्हटलं, "काहीतरी कमी घालताय तुम्ही." तो म्हणाला, "मोजून घालतो, सर. तुम्ही स्वतः उभे राहा." राहिलो उभा. मोजूनच घालतो.

२२ मार्च

पुन्हा सगळ्या पास. ओव्हन खोटं बोलत नाही, आणि सांधे तर गळताहेत.

मॅनेजर म्हणाले, "सर, मालक विचारताहेत, अजून किती दिवस?" म्हणून जिथे पाइप बसवताहेत तिथे आज गेलो. हे लिहिताना मला लाज वाटते आहे: चौतीस वर्षं पाइपच्या रिंगा तपासल्या, पण पाइप जोडताना मी कधीही पाहिलं नव्हतं. चित्रात पाहिलं होतं.

फिटरने रिंग घेतली, पाइपला पाय लावला आणि दोन्ही हातांनी ताणून रिंग त्यावर चढवली. मग दुसरा पाइप आत ढकलला. रिंगेची एक कड बाहेरच राहिली. मी म्हटलं, "ही झाकायची नाही का?"

"झाकायची कशानं, साहेब? कड उघडीच राहते. नेहमीच राहते."

एक फुटलेली रिंग घरी आणली आहे. सगळ्या चिरा त्या उघड्या कडेवर आहेत, ताणाला बरोबर आडव्या.

२५ मार्च

रिंग जेवणाच्या टेबलावर ठेवून बघत बसलो होतो. ही ताट घेऊन आली आणि म्हणाली, "उचला ते. आणि एक सांगा, तुमच्या सर्टिफिकेटांचं रबर तुटलं, पण त्याच पुडीतली डब्यातली अजून धड आहेत. ते कसं?"

गठ्ठ्यावरचं ताणलेलं होतं, डब्यातली सैल.

ताणलेलं रबर उघड्या हवेत चिरतं. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं, मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मी गृहीत धरलं, की सांधा बंद असतो, तिथे हवा पोचत नाही. आणि पोचलीच तर मिश्रणात मेण आहे, ते वर थर धरून रबराला राखील. म्हणून ओव्हनमध्ये रिंगा सैल ठेवल्या. ताटलीत, एकीला एक न लावता. बावीस वर्षं सगळे तशाच ठेवताहेत.

आणि हे मला एकीने सांगितलं होतं. तेही आज आठवलं.

हंगामी म्हणून आलेली, तिशीच्या आतली. मान खाली घालून बोलायची, पण बोलायची. "सर, आपण ताणलेल्या रिंगा तपासतच नाही." मी म्हटलं, तपासायच्या कशा? म्हणाली, "पाइपच्या तुकड्यांवर चढवून कपाटात ठेवू, आणि दरवर्षी बघू." दरवर्षी! माझी चाचणी सात दिवसांची, आणि तिला वर्षं हवीत. मी म्हटलं, बाई, तुमचा निकाल लागेपर्यंत आपण दोघेही ताणून ठेवलेले असू. सगळे हसले. तरीही तिने जुन्या कपाटाच्या तळाशी बारा रिंगा ठेवल्याच. तेव्हापासून मी तिला 'कपाटवाली' म्हणायला लागलो आणि विभागभर तेच नाव पडलं. गमतीचं होतं. तीही हसायची.

वर्षाच्या आत गेली ती. लग्नाबिग्नाचं काहीतरी होतं. की वरच्यांनी कायम केलं नाही? मी तर कोणाच्या गोपनीय अहवालात कधी वाईट लिहिलेलं मला आठवत नाही. जाताना मी म्हटलं, कपाट रिकामं करून जा. ती दोन जड पिशव्या घेऊन फाटकाकडे चालली होती, तेव्हा मी खिडकीतून ओरडलो होतो, "भंगारवाल्याशी घासाघीस करा बरं का!"

हिला सांगितलं, तर ही म्हणाली, "लग्न कसलं? तिचं लग्न आधीच झालं होतं. आपण गेलो होतो की जेवायला." आणि ताट उचलून आत गेली.

३ एप्रिल

संस्थेतल्या जुन्या हेडक्लार्ककडून पत्ता मिळाला. तेही निवृत्तच. पत्ता देताना म्हणाले, "आता कशाला हवाय, साहेब?" मी म्हटलं, काम आहे. त्यांनी पत्ता दोनदा सांगितला आणि फोन ठेवला. म्हातारपणी लोक तुटक होतात.

तिसरा मजला. तिनेच दार उघडलं. केस पिकले आहेत, चष्मा आला आहे. मला ओळखायला तिला क्षणही लागला नाही. "या, सर," म्हणाली, जणू मी कालच येऊन गेलो होतो. एका शाळेत विज्ञान शिकवते. मिस्टर कामावर गेले होते.

मी विषय कसा काढावा याची जुळवाजुळव करत पाणी पीत होतो. शेवटी म्हटलं, "अगं, तुझ्या त्या रिंगा... तू टाकल्यास का गं त्या?"

ती उठली आणि गॅलरीचं दार उघडलं.

भिंतीला लाकडी मांडणी. तिच्यावर ओळीने बारा पाइपचे तुकडे, विटेएवढे. प्रत्येकावर एक काळी रिंग चढवलेली. खालच्या फळीवर पत्र्याचा डबा, आणि त्यात त्याच दिवशी केलेल्या आणखी बारा रिंगा, सैल.

सैल रिंगांवर एक चीर नाही. माझा ओव्हन बरोबर सांगत होता, फक्त सैल रिंगांबद्दल सांगत होता. पाइपवरच्या बाराही चिरलेल्या.

मग तिने वही आणली. दरवर्षी नऊ जूनला एक पान. तारीख, खोलीचं तापमान, बारा रिंगांवरच्या, भिंगातून मोजलेल्या चिरा. पाच वर्षं शून्य, शून्य, शून्य. सहाव्या वर्षी दोन रिंगांवर केसाएवढी एकेक. आठव्या वर्षी सातांवर. नवव्या वर्षी नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या. एका पानावर बारा जून अशी तारीख, आणि खाली लिहिलेलं: 'तीन दिवस उशीर. सासूबाई रुग्णालयात.' आणखी एकावर: 'घर बदलले. मांडणी उत्तरेच्या भिंतीला.' प्रत्येक पानाखाली डावीकडे तिची सही. उजवीकडे 'तपासले', आणि पुढे रिकामी रेघ.

मी म्हटलं, "ही जागा रिकामी का ठेवलीस? मिस्टरांची घ्यायची."

"त्यांनी कधी भिंगातून पाहिलं नाही ना, सर."

"पण इतकी वर्षं का केलंस हे?"

ती वहीचा कोपरा सारखा करत होती. "सुरू केलेलं मोजमाप मधेच सोडायचं नाही, असं तुम्हीच शिकवलं होतं."

ऐकून मला फार अभिमान वाटला. घरी येताना वाटलं, चला, आपण कोणाला तरी काहीतरी दिलं.

१२ एप्रिल

वहीच्या प्रती काढून घेतल्या. तिने एका शब्दाने अडवलं नाही. अहवाल लिहायला बसलो आहे. नाव तिचं पहिलं घालणार, माझं दुसरं. आणि स्वच्छ लिहिणार, की चाचणी बसवताना माझी चूक झाली. हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "बरं झालं. उशिरा का होईना."

आणखी एक डोक्यात आलं आहे. कारखान्याला त्यांच्या प्रयोगशाळेवर माणूस हवाच आहे. तिच्याइतकी लायक कोण? मॅनेजरना म्हटलं, सल्लागाराची ती खोली मला नको, तिला द्या. ते जरा गडबडले, मग म्हणाले, "बघतो सर. जुन्या नोकरीचे कागद मागवावे लागतात, पद्धत आहे." मी म्हटलं, मागवा, खुशाल मागवा.

तिला अजून सांगितलेलं नाही. नेमणुकीचं पत्रच हातात ठेवीन. चेहरा बघण्यासारखा होईल.

३० एप्रिल

मॅनेजरनी बोलावलं. त्यांनी दार लावून घेतलं. टेबलावर माझा अहवाल होता, आणि त्याच्या शेजारी संस्थेकडून आलेला एक पिवळा पडलेला कागद.

"सर, हे अक्षर तुमचंच ना?"

माझंच. माझ्या हिरव्या शाईतलं. तिचा गोपनीय अहवाल. शेऱ्याच्या रकान्यात तीन ओळी: 'निष्कर्ष लांबणीवर टाकण्याची वेळकाढू वृत्ती. चिकाटीचा पूर्ण अभाव. कायम करू नये.' खाली सही, शिक्का.

मला हे लिहिल्याचं आठवत नाही. खरंच आठवत नाही. त्या दिवशी आणखी आठ-दहा अहवाल भरायचे असतील, चहा आला असेल, कोणीतरी काही विनोद केला असेल. मी तीन ओळी लिहिल्या आणि पुढचा कागद ओढला.

मी म्हटलं, "ही चूक आहे. मी तसं लिहून देतो."

मॅनेजर वाईट माणूस नाही. म्हणाले, "सर, राग मानू नका. मालक म्हणतात, तेव्हाही यांचीच सही, आत्ताही यांचीच. यांचा तेव्हाचा शब्द खरा धरायचा का आत्ताचा? चाचणी चुकली म्हणताहेत, शेरा चुकला म्हणताहेत. मग हा अहवाल बरोबर आहे हे कशावरून?"



१ मे

सकाळी हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती, ती निवडतच राहिली. म्हणाली, "मला माहीत नव्हतं. पण वाटायचं."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"तुम्ही 'कपाटवाली'ची गोष्ट चारचौघांत रंगवून सांगायचात ना, तेव्हा एकदा म्हटलं होतं मी, पुरे आता. तुम्ही हसलात आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलीत."

एवढंच. मग तिने निवडलेली भाजी धुवायला नेली.

८ मे

आठवडा काढला. आज गेलो. वाटेत तिला काय सांगायचं ते तीनदा घोकलं आणि दार उघडताच सगळं विसरलो. उभ्याउभ्याच बोलून टाकलं. तो कागद, त्या तीन ओळी, सगळं.

ती म्हणाली, "बसा तरी, सर." मग म्हणाली, "मला माहीत आहे ते. हेडक्लार्क काकांनी तेव्हाच दाखवला होता कागद. त्यांना राहवलं नाही."

म्हणजे मागच्या महिन्यात तिने मला आत घेतलं, पाणी दिलं, वही दिली, ते सगळं हे माहीत असताना. आणि मी अभिमानाने फुगून जिना उतरलो होतो!

"म्हणून मोजत राहिलीस?"

"पहिली पाच-सहा वर्षं म्हणूनच. नऊ जून आला, की त्या ओळी आठवायच्या. वेळकाढू म्हणे. काढतेच वेळ, म्हटलं, बघू. शून्य, शून्य यायचं तेव्हा रडू यायचं, वाटायचं सरच बरोबर. मग सहाव्या वर्षी ती चीर दिसली." ती थोडी हसली. "ती कोणाला दाखवावी तेच कळेना. पुढे राग गेला, सवय राहिली."

मी कारखान्याचं सांगितलं. तिच्यासाठी शब्द टाकला होता, त्यातून कागद मागवले गेले, आणि त्यातून हे सगळं पुन्हा वर आलं.

तेव्हा मात्र तिचा चेहरा बदलला. "मला न विचारता?"

"तुला एकदम आनंद व्हावा म्हणून..."

"सर, तेव्हाही मला न विचारताच लिहिलंत. एकदा बोलावून विचारलं असतंत, की बाई, तुमचं म्हणणं काय, तर मी सांगितलं असतं. आत्ताही विचारलं असतंत तर सांगितलं असतं, की शाळेत माझं बरं चाललंय." मग म्हणाली, "पण विचारलेलं आवडलं असतं."

मी हात जोडले. माझ्या हातांकडे बघवेना तिला, ती गॅलरीकडे बघत राहिली. मला रडू आलं, ते मी आवरलं नाही. त्या मुलीचं हातातलं काम मी काढून घेतलं होतं, आणि बावीस वर्षं ते तिने माझ्याशिवाय, माझ्याच नियमांनी केलं.

मग मला एक सुचलं आणि मी उतावीळपणे म्हटलं, "ती वही आण. बावीसच्या बावीस पानांवर मी सही करतो. 'तपासले' म्हणून. आत्ता, इथे."

तिने वही आणली, पण उघडली नाही. तिच्यावर हात ठेवून बसली.

"नाही, सर. त्या-त्या दिवशी तुम्ही हजर नव्हता."

मी पेन धरून बसलो होतो.

"पहिल्या पानाच्या दिवशी होता," ती म्हणाली. "शेजारच्याच टेबलाशी. मी वही पुढे केली होती. याला कशाला सही, म्हणालात. पाहिलं नव्हतंत."

मी पेन खिशात ठेवलं.

निघताना ती दारापर्यंत आली. मी चपला घालत होतो, तेव्हा म्हणाली, "या वर्षीची नोंद नऊ जूनला आहे. सकाळी साडेनऊ. यायचं असेल तर या."

२४ मे

कारखान्याचं पत्र आलं. अहवाल 'अंतर्गत वापरासाठी' ठेवून घेतला आहे. सल्लागार म्हणून दुसऱ्या कोणाला तरी घेतलं. चांगला असेल. खोली त्याला मिळाली, पाटीही मिळेल. फोरमनचा मात्र फोन आला. म्हणाला, "सर, उघड्या कडेवर टोपण बसवून बघतोय आम्ही. कोणाला सांगू नका."

संस्थेलाही मी पत्र लिहिलं: सात दिवसांची चाचणी मागे घ्यावी, ताणलेल्या रिंगांची चाचणी सुरू करावी, आणि सोबत जोडलेल्या नोंदी कोणाच्या आहेत ते नाव घालून छापावं. या वेळी पत्र पाठवण्याआधी तिला वाचून दाखवलं. तिने एक आकडा दुरुस्त केला. उत्तर आलं आहे: 'आपले पत्र मिळाले. समितीपुढे यथावकाश ठेवण्यात येईल.' असं उत्तर मीही शेकडो लोकांना पाठवलं असेल.

तिच्या सेवापुस्तकातला शेरा बदलता येईल का, असंही विचारलं. नवा अधिकारी फोनवर आदबीने म्हणाला, "सर, झालेल्या नोंदीत खाडाखोड करता येत नाही. नियम आहे."

मुलगी म्हणते, संकेतस्थळावर अजून माझं नाव आहे, काढू का? म्हटलं, काढ.

९ जून

खोलीचं तापमान २९. तिच्या गॅलरीतलं. तापमापक मी वाचला.

नऊलाच पोचलो होतो. साडेनऊ होईपर्यंत जिन्यात उभा राहिलो. दोन माणसं खाली-वर गेली, त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं.

तिने मांडणीवरचा पहिला तुकडा उचलून टेबलावर ठेवला आणि मोजून आकडा मनाशी धरला. मग भिंग माझ्याकडे दिलं. पद्धत हीच. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि मग सांगायचं.

"चौदा," मी म्हटलं.

"खालच्या बाजूनं फिरवून बघा, सर."

फिरवून पाहिलं. पंधरा होत्या. एक बारीकशी, कडेच्या आत वळलेली. माझ्या नजरेतून सुटली होती.

"पंधरा. बरोबर आहे तुमचं, बाई," मी म्हटलं. तिने एकदा वर पाहिलं आणि पंधरा लिहिले.

बारा रिंगांना दोन तास लागले. मी मधे दोनदा चुकलो, ती एकदाही नाही. शेवटी तिने डावीकडे सही केली, वही माझ्याकडे फिरवली आणि 'तपासले'च्या पुढे बोट ठेवलं. मी सही केली.

शाई वाळेपर्यंत मी मागची पानं चाळली. बावीस पानं. तिच्या बावीस सह्या, आणि शेजारी बावीस रिकाम्या जागा. त्या कधीच भरता येणार नाहीत.

घरी आलो तेव्हा ही दारातच होती. "झालं? किती पानं तपासलीत?"

"एक," मी म्हटलं.